ब्राउझर, पानांची घडण आणि आपल्या वाचनाच्या सवयी

लिंबोळी

महाजालावर मराठी वाचण्याच्या सवयी आपणच लावून घेतल्या असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याचशा सवयी, कोणत्या काळी कोणत्या ब्राउझरमध्ये देवनागरी नीट उमटत होती आणि पाने घडवणाऱ्यांची त्या वेळी कोणती आवड होती, यांवरून पडलेल्या आहेत असे माझे मत आहे. ते तपासून पाहण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात वृत्तपत्रांपासून करतो. मराठी वृत्तपत्रे प्रथम महाजालावर आली तेव्हा युनिकोडमध्ये (जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरीला जागा मिळालेली होती, पण घरगुती संगणकावर ती उमटवण्याची सोय नव्हती. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. त्यामुळे वृत्तपत्रांनी आपापले फॉन्ट घेतले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे दर फॉन्टागणिक वेगळे असे. हा फॉन्ट वाचकाने उतरवून घ्यावा किंवा तो पानाबरोबर आपोआप यावा, असे दोन मार्ग होते. आपोआप येणाऱ्या फॉन्टसाठी १९९७ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये एक पद्धत आणली, तर नेटस्केप या स्पर्धक ब्राउझरने आपल्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीम कंपनीची दुसरी पद्धत स्वीकारली. पुढे नेटस्केप ६ मध्ये ती दुसरी पद्धत उरली नाही, एक्सप्लोररची पद्धत इतर कोणत्याही ब्राउझरने उचलली नाही, आणि मराठी वृत्तपत्र वाचायचे तर एक्सप्लोररच उघडायचा हे आपल्यासाठी परस्पर ठरून गेले.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. जगभर त्याचे कौतुक टॅबसाठी आणि आगंतुक खिडक्या अडवण्यासाठी झाले, पण मराठी वाचकाने त्यात आपले नेहमीचे वृत्तपत्र उघडले की रोमन अक्षरांची गिचमीड समोर येई. भारतीय भाषांतील असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे पद्मा नावाचे एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) पुढे फायरफॉक्ससाठी निघाले, परंतु ते शोधून बसवणारे वाचक थोडेच होते.

या फॉन्टप्रकरणाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पानावर डोळ्यांना मराठी दिसत असले तरी शोधयंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होता, म्हणून मराठी शब्द टाकून मराठी बातमी सापडत नसे. वाचक संकेतस्थळाचा पत्ता पाठ करून थेट मुखपृष्ठावर जाई आणि तिथून खाली उतरे. वृत्तपत्रे युनिकोडवर आल्यानंतरही बऱ्याच काळपर्यंत अनेकांनी हीच रीत सोडली नाही. माझ्या पिढीतील कित्येकांना आजही मराठीत शोध घ्यायचा असतो हे सुचतच नाही.

आपापल्या अनुभवाची भर घालावी. विषय ब्राउझर आणि पानांची घडण एवढाच ठेवू.

कळसूत्री

तुम्ही संगणकापासून सुरुवात केली आहे, पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांचे पहिले महाजाल म्हणजे नोकियाचा कळफलकाचा फोन आणि त्यावरील ऑपेरा मिनी हे होते.

ऑपेरा मिनी २००६ साली जगभर उपलब्ध झाला. त्याचे काम समजून घेतले तर आपल्या सवयींचा बराच उलगडा होतो. फोन संकेतस्थळाशी थेट बोलतच नसे. ऑपेराचा सर्व्हर पान मागवून घेई, त्याची मांडणी करी, चित्रे बारीक करी आणि दाबून लहान केलेली आवृत्ती फोनवर पाठवी. डेटा मोजून मापून वापरण्याच्या त्या काळात ही सोय फार मोठी होती. तरीही फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नसे आणि मराठी पानावर केवळ चौकोन दिसत. यावरचा उपाय मित्राकडून मित्राकडे तोंडी पसरला. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टंकायचे, उघडणाऱ्या यादीत अगदी तळाशी जायचे, आणि जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याच्या पर्यायापुढे ‘येस’ निवडून जतन करायचे. त्यानंतर सर्व्हरच अक्षरांची चित्रे करून पाठवी. अक्षरे थोडी खडबडीत दिसत आणि डेटा जास्त जाई, पण मराठी वाचता येई.

आता यातील मेख पाहा. मजकूर चित्ररूपाने येत असल्यामुळे त्यातील ओळ उचलून दुसऱ्याला पाठवता येत नसे, आणि फोनच्या कळफलकावर देवनागरी नसल्यामुळे मराठीत उत्तरही देता येत नसे. मराठी संस्थळांवर आम्ही वर्षानुवर्षे नुसते वाचनमात्र राहिलो, आणि लिहिलेच तर रोमन लिपीत लिहिले. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर रोमन मराठीचा जो सुळसुळाट झाला त्याचे खापर लोक आळसावर फोडतात. मला त्याचे मूळ या जुन्या फोनांत आणि ब्राउझरांत दिसते.

त्याच सुमारास यूसी ब्राउझरही घरोघर होता, कारण अर्धवट तुटलेले डाउनलोड तो पुन्हा जोडून घेई, आणि कमकुवत नेटवर्कवर हा गुण सर्वांत मोठा ठरे. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याची कीर्ती चांगली नव्हती. कॅनडातील सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्यातून वापरकर्त्यांची माहिती गळते असे दाखवून दिले होते. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत तोही गेला. मात्र उघडताक्षणी बातम्यांची न संपणारी रांग दाखवणारा ब्राउझर ही कल्पना तो आपल्याकडे रुजवून गेला, आणि आज फोनवर क्रोममध्ये नवी टॅब उघडली की खाली तशीच रांग दिसते.

दप्तरदार

माझा अनुभव वाचनाचा नसून कार्यालयीन कामाचा आहे. शासकीय कंत्राटांच्या निविदा भरणाऱ्या एका लहान व्यवसायात मी हिशेब पाहतो. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला जोडावे लागते, आणि ते वाचण्यासाठी संकेतस्थळे दीर्घकाळ जावा अ‍ॅपलेट किंवा अ‍ॅक्टिव्हएक्स या ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर अवलंबून होती. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये अशा प्लगइनांचा आधार काढून घेतला. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, पण आम्हाला ज्या संकेतस्थळावर काम करायचे होते त्याने त्याची दखल घेण्यास फार वेळ लावला. परिणामी आमच्या कार्यालयात एक जुना संगणक केवळ इंटरनेट एक्सप्लोररसाठी जपून ठेवलेला होता. त्यावर कोणी अद्ययावतीकरण करू नये अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, म्हणजे सर्वांत संवेदनशील व्यवहार आम्ही सर्वांत असुरक्षित यंत्रावरून करत होतो.

मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर निवृत्त केला, तरी एज या आपल्या नव्या ब्राउझरमधील एक्सप्लोरर मोड किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन दिलेले आहे. हे आश्वासन कोणासाठी आहे हे आमच्यासारख्यांना सांगावे लागत नाही.

अक्षरजुळारी

मी पानांची मांडणी करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो.

पानांच्या घडणीतील बहुतेक वळणे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून जन्माला येतात आणि तयार साच्यांबरोबर आपल्याकडे येतात. साचा विकत घेणाऱ्याने त्यात मराठी मजकूर ओतला की दोष दिसू लागतात, आणि ते दोष वाचकाला मराठीचेच वाटू लागतात, ही माझी खरी तक्रार आहे. काही उदाहरणे देतो.

मथळ्यांतील अक्षरे थोडी विरळ ठेवण्याची पद्धत इंग्रजीत सुंदर दिसते. तोच नियम देवनागरीला लावला की शिरोरेखा प्रत्येक अक्षरानंतर तुटते आणि शब्द एकसंध राहत नाही. ओळींमधील अंतराचेही तसेच आहे. इंग्रजी मथळ्याला अक्षराच्या उंचीच्या १.२ पट अंतर पुरते, पण मराठीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र येतात, खाली उकार व जोडाक्षरे उतरतात, आणि चौकट घट्ट असेल तर त्यांची टोके कापली जातात. वृत्तसंकेतस्थळांवर अनुस्वार अर्धा गायब झालेले मथळे तुम्ही पाहिले असतील. त्यात मुद्रितशोधकाचा काही दोष नसतो. तिसरे उदाहरण वजनाचे. बारीक रेषांचे फॉन्ट वापरण्याची लाट आयफोनच्या आयओएस ७ या २०१३ च्या आवृत्तीनंतर सर्वत्र पसरली. रोमन अक्षरात रेषा कमी असल्यामुळे ती बारीक चालतात, परंतु ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्व’ यांसारखी जोडाक्षरे बारीक रेषेत आणि लहान आकारात विरघळून जातात.

वेबफॉन्ट, म्हणजे पानाबरोबरच उतरणारे फॉन्ट, आल्यामुळे मोठी सुधारणा झाली हेही सांगितले पाहिजे. गूगल फॉन्ट्सवर नोटो सान्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता आहे, आणि ते विनामूल्य असल्यामुळे लहान संकेतस्थळालाही चांगले अक्षर परवडते. मात्र जोडाक्षरांच्या वेगळ्या आकृत्यांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते. फाइल येईपर्यंत काही ब्राउझर मजकूर कोरा ठेवतात, आणि मंद जोडणीवरील वाचक पान रिकामे समजून निघून जातो. आधी यंत्रावरील फॉन्टमध्ये मजकूर दाखवून नंतर तो बदलण्याची सूचना एका ओळीत देता येते, पण ती ओळ लिहिण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

आणखी एक बारकावा आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य आहेत, परंतु पडद्यावर बहुतेक ठिकाणी हिंदीतील रूपे दिसतात. याचे कारण केवळ फॉन्ट नव्हे. अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असे पानाने सांगितले तर ब्राउझर मराठी रूप निवडतो. पान काहीच सांगत नसेल, किंवा साच्यातील ‘इंग्रजी’ ही नोंद तशीच राहिली असेल, तर फॉन्टाचे मूळ रूप येते, आणि ते सहसा हिंदीचे असते.

उंबरठा

अक्षरजुळारी यांनी बारीक अक्षरांचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहिते. माझी दृष्टी मधुमेहामुळे कमी झालेली आहे आणि मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे वाचन सुटत नाही.

पूर्वीच्या पानांवर बटण बटणासारखे दिसे, त्याला कडा आणि सावली असे, आणि दुव्याखाली निळी रेघ असे. गेल्या काही वर्षांत सर्व काही सपाट झाले. कोणता शब्द नुसता शब्द आहे आणि कोणत्या शब्दावर बोट ठेवले की काही घडते, हे चाचपून पाहावे लागते. हा केवळ म्हाताऱ्यांचा कुरकुरेपणा नाही. निल्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा अस्पष्ट खुणांच्या पानांवर लोकांना सरासरी २२ टक्के अधिक वेळ लागल्याचे आढळले होते, आणि त्यातील लोक कमी दृष्टीचे म्हणून निवडलेले नव्हते. पांढऱ्यावर करड्या अक्षरांचा सोस तर विचारूच नका. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावे असा आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून आहे, आणि वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे तपासते त्यांतील सुमारे ८० टक्के पानांवर तो कुठे ना कुठे मोडलेला असतो.

तीन आडव्या रेघांच्या चिन्हाबद्दलही बोलले पाहिजे. ते चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढले होते. फोनच्या लहान पडद्यावर सारी यादी त्याच्या पोटात ठेवणे समजण्यासारखे आहे, पण मोठ्या पडद्यावरही तेच करून जागा रिकामी ठेवण्याचे कारण मला कोणी सांगितलेले नाही. माझ्या ओळखीच्या कित्येक वयस्कर मंडळींना त्या रेघा म्हणजे नक्षी वाटते, त्यामुळे संकेतस्थळावर मुखपृष्ठाखेरीज काही आहे हेच त्यांना कळत नाही.

मी फायरफॉक्समधील वाचनदृश्य वापरते. पानाची सारी सजावट काढून टाकून केवळ मजकूर, हव्या त्या आकारात आणि हव्या त्या रंगात मिळतो. ते नसते तर मी अर्ध्याहून अधिक संकेतस्थळे सोडून दिली असती.

खडूस

सर्वांचे म्हणणे वाचले. माझा प्रश्न साधा आहे. ब्राउझर फुकट मिळतात, डझनभर उपलब्ध आहेत, आवडत नसेल तो बदलावा. कोणी कोणाला बांधून ठेवलेले नाही. वाचनदृश्य वापरून उंबरठा यांनी तेच सिद्ध केले आहे.

कळसूत्री

@खडूस, डझनभर नावे आहेत, पण पान पडद्यावर उमटवणारी आतली इंजिने तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, व्हिवाल्डी आणि सॅमसंगचा ब्राउझर हे सर्व गूगलच्या ब्लिंकवर चालतात. ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिन २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तसे जाहीर केले आणि जानेवारी २०२० मध्ये नवा एज आणला. आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतला तरी आतून अ‍ॅपलचे वेबकिटच असते, कारण अ‍ॅपलने दुसऱ्या इंजिनाला मज्जाव केलेला होता. मार्च २०२४ मध्ये तो प्रथम सैल झाला तो युरोपीय संघात, तिथल्या कायद्यामुळे. भारतातील आयफोनधारकाला त्याचा उपयोग नाही. तिसरे इंजिन फायरफॉक्सचे गेको, आणि त्याचा जगातील वाटा आता दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

याचा रोजच्या वापरात अर्थ असा, की पान घडवणारा ते क्रोममध्ये तपासतो आणि थांबतो. एकेकाळी सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सर्वोत्तम दिसेल’ अशी ओळ असे. आता ती ओळ कोणी लिहीत नाही, कारण ती गृहीत धरलेली असते. उंबरठा ज्या वाचनदृश्यावर विसंबून आहेत ते टिकेल की नाही, हे त्या दोन-तीन टक्क्यांवर अवलंबून आहे. जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनचे काय झाले ते आठवा. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि ते त्यात चालेनासे झाले. फायरफॉक्समध्ये अजून चालते.

खडूस

इंजिन एकच असण्याचा फायदाही आहे. एकाच वेळी एक्सप्लोरर ६, फायरफॉक्स आणि सफारी यांच्यासाठी तीन प्रकारे पान लिहिण्याचे दिवस मी पाहिले आहेत. एक्सप्लोरर ६ २००१ मध्ये आला आणि पुढची आवृत्ती २००६ मध्ये. पाच वर्षे आम्ही त्याचे दोष सांभाळत पाने लिहिली. आज तेच काम एकदाच करावे लागते.

कळसूत्री

त्या पाच वर्षांचे कारणच ते होते, की स्पर्धक उरला नव्हता. बाकी फायदा मान्य.

पागोळी

सुरक्षिततेच्या अंगाने एक मुद्दा जोडते, कारण फसवणुकीच्या तक्रारींत लोकांना मदत करताना तो सारखा समोर येतो.

पत्त्याशेजारचे कुलूप पाहा आणि मगच पैसे भरा, असे आपण वर्षानुवर्षे ज्येष्ठांना शिकवले. जुलै २०१८ पासून क्रोमने कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’ असे दाखवायला सुरुवात केली आणि सर्वांनी कूटबद्धतेसाठी लागणारी प्रमाणपत्रे घेतली, चोरांनीही घेतली, कारण ती विनामूल्य मिळतात. कुलुपाचा अर्थ एवढाच होता की मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे असे ते कधीच सांगत नव्हते. गैरसमज होतो हे मान्य करून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकावरील कुलूप काढून तिथे सेटिंगचे चिन्ह ठेवले. तो निर्णय बरोबर होता, पण आमच्या शिकवणीतील खूण रातोरात नाहीशी झाली आणि तिच्या जागी काय पाहायचे हे कोणी शिकवले नाही. त्यातच फोनवर पान खाली सरकवले की पत्ता दिसेनासा होतो, आणि फेसबुकसारख्या अ‍ॅपमधून उघडलेला दुवा त्या अ‍ॅपच्याच पोटातील खिडकीत उघडतो, जिथे पत्ता पाहण्याची सवयच कोणाला लागलेली नसते.

फसवी घडण हा याचा सख्खा भाऊ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे १३ प्रकार नोंदवले. त्यांत ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अशक्य करणे, हे सर्व आहे. तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत आधीच केलेली खूण आपण सर्वांनी पाहिली आहे. तक्रारीला आधार मिळाला हे चांगलेच, पण तक्रार करण्यासाठी आपल्याला फसवले गेले हे आधी कळावे लागते, आणि ही घडण नेमकी तेच कळू देत नाही. म्हणून मी आता लोकांना फक्त दोन गोष्टी सांगते: बँकेचा पत्ता स्वतः टंकून उघडा, आणि पैसे भरण्यापूर्वी पावतीतील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा.

लिंबोळी

चर्चा अपेक्षेपेक्षा पुढे गेली. खडूस यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, पण ब्राउझर बदलता येतो हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुरताच तो खरा आहे. फोनबरोबर जो ब्राउझर येतो तोच बहुतेकांसाठी महाजाल असतो.

अक्षरजुळारी, तुम्ही पानाने भाषा सांगण्याबद्दल लिहिले आहे. एखादे संकेतस्थळ ती सांगते की नाही हे सामान्य वाचकाला पाहता येते का? आणि केवळ ‘ल’च्या पाकळीसाठी संचालकांकडे तगादा लावणे योग्य ठरेल का?

अक्षरजुळारी

पाहता येते. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे पानाचा मूळ संकेत दिसतो. अगदी वरच्या ओळींत ‘एचटीएमएल’ या शब्दाशेजारी ‘लँग’ अशी नोंद असते. तिथे ‘एमआर’ असेल तर पानाने स्वतःची भाषा मराठी सांगितली आहे. ‘ईएन’ असेल तर साचा जसा आला तसाच ठेवला आहे.

तगादा लावण्याचे कारण पाकळीपेक्षा मोठे आहे. अंध वाचक वापरतात तो एनव्हीडीएसारखा पडदावाचक कोणत्या आवाजात आणि कोणत्या उच्चारनियमांनी वाचायचे हे याच नोंदीवरून ठरवू शकतो. नोंद चुकीची असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो आणि काही आवाज देवनागरी अक्षरे सरळ वगळून पुढे जातात. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आहे, त्यामुळे निदान शासकीय संकेतस्थळांच्या बाबतीत पत्र लिहिताना त्याचा आधार घेता येईल. बदल दोन अक्षरांचा आहे आणि साच्यात एकदाच करावा लागतो. ज्यांना पत्र लिहायचे आहे त्यांनी संकेतस्थळाचे नाव मला निरोपातून कळवावे. नेमकी ओळ कोणती बदलायची तो मसुदा मी करून देईन.

उंबरठा

मी आमच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करते. आत्ताच पाहिले, तिथे ‘ईएन’ आहे. निरोप पाठवला आहे.